हवाना क्लब ७: नऊ महिने आणि तीन बाटल्यांनंतर

गेल्या डिसेंबरात टोरंटोतील सरकारी मद्यदुकानातून मी ‘हवाना क्लब सात वर्षे’ या क्यूबाच्या रमची पहिली बाटली आणली, तेव्हा तिच्याबद्दल माझे मत फारसे चांगले झाले नव्हते. ओल्ड मंकवर तयार झालेल्या जिभेला रम म्हणजे व्हॅनिलाचा दरवळ, घशात पसरणारा गुळचट जाडपणा आणि वर ४२.८ टक्क्यांचा दणका एवढेच ठाऊक असते. त्या मापाने ४० टक्क्यांची ही रम मला कोरडी, पातळ आणि जराशी कडवट वाटली. आता तिसरी बाटली निम्म्याच्या खाली गेली आहे आणि ते मत जवळजवळ सगळे मागे घ्यावे लागले आहे. जवळजवळ म्हणते, कारण एकदोन तक्रारी अजून शिल्लक आहेत.

सुरुवातीच्या चुका माझ्याच होत्या. व्होडका ठेवतात तशी मी ही बाटली फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि रुंद तोंडाच्या पेल्यात बर्फ भरून त्यावर रम ओतत होते. थंडीने वास मिटतो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा उघडा पडतो. मी नेमका तोच पीत होते. फेब्रुवारीत बाटली कपाटात आली, खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा पेला आला, आणि ३० मिलिलिटर ओतून दहा मिनिटे हात न लावण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली. आपल्याकडे पाणी-सोडा न घालता घेण्याला ‘नीट’ म्हणतात, आणि या रमच्या बाबतीत त्या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात.

पहिल्या मिनिटाला नाकाशी अल्कोहोलच येते. मग हळूहळू कोरड्या तंबाखूचा वास, त्यामागे भाजलेल्या कोकोचा, आणि दहाव्या मिनिटाच्या सुमारास काळी पडू लागलेल्या केळ्याच्या सालीसारखा काहीसा अतिपक्व गोडवा वर येतो. गोडवा नाकातच राहतो. जिभेवर पडते ते कोरडे असते: जायफळ, मनुकेची साल, जुन्या सागवानी कपाटाचा खण उघडल्यावर येतो तसा लाकडाचा दाटपणा. वास एक सांगतो आणि घोट दुसरेच, ही विसंगती मला आधी दोष वाटत होती. आता तिच्यासाठीच मी ही रम घेते. पाण्याचे तीनचार थेंब घातले तर कोको पुढे येतो, पण चमचाभर घातले की सगळे विस्कटते. मुळात ४० टक्क्यांवर बाटलीबंद केलेल्या या रमला पाण्याची फारशी ऐपत नाही, आणि ही माझी पहिली तक्रार. ४५ टक्क्यांवर हीच रम कशी लागली असती, हा विचार दर वेळी मनात येतो. दुसरी तक्रार अशी की घोट गिळल्यावर चव लवकर ओसरते आणि शेवटी लाकडाचा कडवटपणा थोडा जास्त रेंगाळतो.

मे महिन्यात बाबा आले. त्यांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली असल्यामुळे मळीचा वास त्यांना डोळे मिटून ओळखता येतो. त्यांनी पेला नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, “अगं, मळी आहे यात. पण धुतलेली.” इतके नेमके वर्णन मला पाच महिन्यांत साधले नव्हते. क्यूबाची रम उसाच्या रसापासून नव्हे, तर मळीपासूनच बनते. मळी आंबवून ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून दोन प्रकारचे द्रव काढतात: एक सुमारे ७५ टक्के अल्कोहोलचे ‘आग्वार्दिएन्ते’, ज्यात मळीचा सगळा स्वभाव उतरलेला असतो, आणि दुसरे ९५ टक्क्यांच्या घरातले, जवळजवळ निर्गुण. आग्वार्दिएन्ते किमान दोन वर्षे पांढऱ्या ओकच्या पिंपांत मुरवून कोळशातून गाळतात, मग त्यात दुसरा द्रव मिसळतात आणि ते मिश्रण पुन्हा पिंपांत जाते. बाबांचे ‘धुतलेली’ म्हणजे हा कोळसा. कोणत्या पिंपातले किती मिसळायचे हे ठरवणाऱ्यांना तिथे ‘माएस्त्रो रोनेरो’ म्हणतात. हे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जाते, आणि २०२२ साली युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

बाबांना मात्र माएस्त्रोंपेक्षा गळीत हंगामाची चिंता जास्त वाटली. १९९० च्या आसपास वर्षाला ८० लाख टनांच्या घरात साखर करणारा हा देश अलीकडच्या हंगामांत पाच लाख टनांच्याही खाली गेला आहे, आणि क्यूबाचे नाव लावायचे तर मळीही क्यूबाचीच लागते. “साखर नाही तर मळी कुठून आणणार?” असे विचारून ते कितीतरी वेळ गप्प बसले होते. आज पेल्यात आहे ती सात वर्षांपूर्वीच्या उसाची पुण्याई आहे. आजच्या उसाची चव कळायला अजून सात वर्षे थांबावे लागेल.

मिसळून पिण्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे. कोलाबरोबर ही रम वाया जाते. रम-कोलाच्या कूबा लिब्रेला तीन वर्षे मुरलेली पुरते आणि पुदिन्याच्या मोहितोलाही तीच बरी. दाकिरी या रम, लिंबू आणि साखरेच्या पेयात लिंबाची आंबटी लाकडावर चढून बसते. एका पेयात मात्र ती उत्तम जमली. त्रिनिदाद या क्यूबातल्या जुन्या शहराचे ‘कांचांचारा’ हे पेय आग्वार्दिएन्ते, मध आणि लिंबू यांचे असते, आणि ते मातीच्या लहान पेल्यात देतात. मी ४५ मिलिलिटर रमला प्रत्येकी १५ मिलिलिटर मध आणि ताज्या लिंबाचा रस घेते. मध आधी चमचाभर कोमट पाण्यात सैल करून घ्यावा लागतो, नाहीतर तो तळाशी गोळा होऊन बसतो. जुन्या रमचे कांचांचारा क्यूबातल्या माणसाला उधळपट्टी वाटेल हे मान्य आहे, पण जानेवारीत खिडकीबाहेर उणे अठरा असताना मला ती करावीशी वाटली. चकण्याच्या बाबतीत डार्क चॉकलेट टाळावे, कडवटावर कडवट चढते. खारे शेंगदाणे चालतात, आणि गुळाची चिक्की सर्वांत छान लागते.

जुलैत न्यू जर्सीहून मावसभाऊ आला, तो ‘हवाना क्लब’ असेच लिहिलेली स्वतःची बाटली घेऊन. हे नाव १९३४ साली क्यूबातल्या आरेचाबाला कुटुंबाच्या कंपनीने बाजारात आणले आणि १९६० साली क्रांतिसरकारने तो उद्योग ताब्यात घेतला. १९९३ पासून क्यूबाची रम सरकारी कंपनी आणि फ्रान्सची पेर्नो रिकार यांच्या भागीदारीत जगभर विकली जाते. अमेरिकेत मात्र बकार्डी त्याच नावाने पोर्तो रिकोची रम विकते. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्यायलो. त्याची रम गोलसर, अधिक गोड आणि सोपी होती, वाईट मुळीच नाही. फक्त नावापलीकडे दोघींचे काही नाते लागत नव्हते. जाताना त्याला माझ्याकडची एक बाटली हवी होती, पण अमेरिकेने २०२० पासून प्रवाशांनाही क्यूबाचे मद्य आत नेण्यास मनाई केल्यामुळे ती इथेच राहिली. तीच ही तिसरी.

ती आम्ही गटारीला फोडली. पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब शिंपडायची बाबांची जुनी सवय आहे. क्यूबातही नवी बाटली उघडली की पहिले थेंब संतांसाठी जमिनीवर सांडतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते विशेष खूश झाले आणि त्यांनी आणखी दोन शिंपडले. पाहुणे बरेच होते, बाटली एका रात्रीत निम्म्यावर आली आणि मग श्रावण लागला. बाबा श्रावण पाळतात, त्यामुळे घरात कोणीच घेत नाही. महिन्याने बूच काढले तेव्हा तंबाखू जवळजवळ गेला होता, केळ्याची साल तर नव्हतीच. व्हॅनिला आणि लाकूड तेवढे उरले होते. रम बिघडत नाही असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे, पण अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा तिचा वास खाऊन टाकते. पहिल्या दोन बाटल्या पाच-सहा आठवड्यांत संपल्यामुळे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. बाबांनी त्यांच्या प्रयोगशाळेतला उपाय सुचवला. उरलेली रम आता शंभर मिलिलिटरच्या तीन काचेच्या बाटल्यांत अगदी गळ्यापर्यंत भरून, वर तारखेची चिठ्ठी लावून, कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवली आहे.