नॅनीच्या नोकरीचं पत्र आलंय? आधी व्हिसाचं नाव विचारा

ओ-पेअर (परदेशी कुटुंबात राहून मुलं सांभाळणारी, बदल्यात राहणं-जेवण आणि पॉकेटमनी घेणारी) किंवा नॅनीचं काम शोधणाऱ्या मुलीने अशी कुटुंबं जुळवून देणाऱ्या संकेतस्थळावर माहिती टाकली की दोन-चार दिवसांत लंडनच्या एखाद्या कुटुंबाचा निरोप येतो, आणि बऱ्याचदा तो फसवणुकीचा असतो. वडील डॉक्टर किंवा इंजिनिअर, दोन लहान मुलं, कधी आई वारलेली. दुसऱ्याच निरोपात सांगतात, "इथे आम्ही फारसे येत नाही, ईमेलवर बोलू." संकेतस्थळवाले संशयास्पद खाती बंद करतात, म्हणून बोलणं लवकरात लवकर त्यांच्या नजरेआड न्यायचं असतं.

मग देकार येतो. महिना 2,000 ते 2,500 पौंड, स्वतंत्र खोली, जेवणखाण, विमानाचं तिकीट, आणि मुलाखत नाहीच. स्वतःचं तान्हं मूल परक्या मुलीच्या हाती देणारी आई किती प्रश्न विचारेल याचा विचार करा. रात्री मूल रडलं तर काय कराल, ताप आला तर कुणाला कळवाल, आधी कुणाची मुलं सांभाळलीत, त्यांच्याशी बोलता येईल का? खरं कुटुंब दोन-तीनदा तरी व्हिडिओवर बोलतं आणि मुलंही दाखवतं. खोट्या कुटुंबाचा कॅमेरा कायम बिघडलेला असतो. मुलांची वयं विचारली तर एका पत्रात चार, दुसऱ्यात सहा.

चार-पाच पानांचा करार येतो, त्यावर शिक्का आणि सही असते. त्यानंतर एक नवा माणूस पुढे येतो. तो कुटुंबाचा वकील, ट्रॅव्हल एजंट किंवा थेट 'इमिग्रेशन अधिकारी' म्हणवतो. पैसे मागतो तो हाच, कुटुंब कधीच मागत नाही. त्यामुळे मुलीचा कुटुंबावरचा विश्वास टिकतो. उलट कुटुंबच म्हणतं, "निम्मे आम्ही भरले, निम्मे तू भर, पहिल्या पगारात परत देऊ." पहिली रक्कम मुद्दाम झेपेल एवढी ठेवतात. ती गेली की पुढचं निघतं: कागदपत्रांची फी, विमा, दहशतवादविरोधी प्रमाणपत्र, आणि शेवटी बीटीए, म्हणजे 'बेसिक ट्रॅव्हल अलाउन्स'. खात्यात इतके पौंड दाखवावे लागतात, ते आमच्याकडे पाठवा, विमानतळावर परत मिळतील, असं सांगतात. ब्रिटिश व्हिसाच्या कुठल्याही प्रकारात असं प्रमाणपत्र लागत नाही, असा भत्ता भरावा लागत नाही. शिल्लक दाखवायची असेल तर ती स्वतःच्याच खात्यात दाखवायची असते. पण आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो, आणि सगळा डाव याच भीतीवर चालतो.

पत्रातल्या चुका शोधून खरं-खोटं ठरवायला जाऊ नका. आता पत्रं सफाईदार इंग्रजीत येतात, फोटो सुंदर असतात. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: मी कोणत्या व्हिसावर येणार? त्या व्हिसाचं नाव घेऊन त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. बहुतेक खोटे देकार इथेच गळतात.

ब्रिटनचंच पाहा. तिथे ओ-पेअर नावाचा वेगळा व्हिसा आता नाही. नॅनीचं काम स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसात बसत नाही. घरकामगारांसाठी ओव्हरसीज डोमेस्टिक वर्कर व्हिसा आहे, पण त्यासाठी त्याच मालकाकडे ब्रिटनबाहेर किमान एक वर्ष काम केलेलं असावं लागतं. कधी न भेटलेलं लंडनचं कुटुंब तो तुम्हाला मिळवून देऊच शकत नाही. भारतीय तरुणांना तिथे काम करू देणारी यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे: वय 18 ते 30, पदवी, स्वतःच्या खात्यात 2,530 पौंड आणि सोडतीत नाव. सोडतीत नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि त्यात मालकाचा काही संबंध नसतो. म्हणून 'आम्ही तुमचं नाव सोडतीत काढून देतो' म्हणणारा खोटाच. पत्रावर 'यूके बॉर्डर एजन्सी' असेल तर ती संस्था 2013 मध्येच बंद झाली. फोन नंबर +44 70 ने सुरू होत असेल तर तो साधा मोबाइल नव्हे. ते नंबर जगात कुठेही वळवता येतात, समोरचा लंडनमध्ये असेलच असं नाही.

खरं ओ-पेअरचं काम कसं असतं ते जर्मनीवरून कळतं. पुण्या-मुंबईच्या मुली त्या वाटेने जातातही. अर्ज करताना वय 27 पेक्षा कमी हवं, जर्मन ए-1, म्हणजे सुरुवातीच्या पातळीपर्यंत यायला हवी. आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, महिना 280 युरो पॉकेटमनी, राहणं-जेवण आणि विमा कुटुंबाकडे, भाषेच्या वर्गासाठी थोडी मदत. प्रवासखर्च बहुधा मुलीचाच असतो. रक्कम पाहा: 280 युरो. ओ-पेअरच्या नावाखाली लाखोंचा पगार कुणी सांगत असेल तर ते काम ओ-पेअरचं नाही. जर्मन व्हिसाचा अर्ज तुम्ही स्वतः करता आणि ठरलेली फी अर्जासोबत रीतसर भरता, कुणाच्या खासगी खात्यात नाही.

अमेरिकेत ओ-पेअर जे-1 व्हिसावर जाते आणि तिथल्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच. कुटुंब परस्पर कुणाला बोलवू शकत नाही. त्या संस्थांची यादी खात्याच्या संकेतस्थळावर आहे. संस्था तिथे नसेल तर पुढे वाचूही नका. कॅनडात ओ-पेअर असा व्हिसाच नाही. परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला एलएमआयए नावाची सरकारी मंजुरी लागते; तिची फी असेल तर ती मालकाने भरायची, कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. नॉर्वेने 2024 मध्ये ही योजना बंद केली, तरी तिथल्या नावाने देकार फिरत असतात.

आखाती देशांची गोष्ट निराळी. तिथे मुलं सांभाळायचं काम खरंच मिळतं, म्हणून धोकाही जास्त. पैसे जातातच, शिवाय बाई तिथे पोचून अडकते. भारतातून भरती करणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव आणि परवाना क्रमांक तपासा. एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा असतो; अशा पासपोर्टवर 30 वर्षांखालच्या बाईला त्या देशांत घरकामासाठी जायची परवानगी मिळत नाही. म्हणून दलाल म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो." इथे थांबा. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या बाईचा रोजगार करार सरकारकडे नोंदलेलाच नसतो, आणि पासपोर्ट मालकाने काढून घेतला की तिच्या हातात काही उरत नाही. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 हा नंबर आहे.

पैसे गेलेच असतील तर रडत बसण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरण्याआधी ती गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरचं खातं, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. शरमेने किंवा रागाने गप्पा पुसू नका, समोरच्याला 'तू पकडला गेलास' असंही कळवू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, ईमेल जसेच्या तसे ठेवा. पासपोर्ट आणि आधारची प्रत पाठवली असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर नवं कर्ज निघालंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये पुढचे काही महिने पाहत राहा.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येतो. 'तुमची केस आमच्याकडे आली आहे, चोर सापडला आहे, पैसे सोडवायला एवढी फी भरा.' तो बहुधा त्याच टोळीचा किंवा तिने विकलेल्या यादीवरून फोन करणारा असतो. पोलीस किंवा बँक पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.