४८६ चा बॅकअप सेल: पिंप, बटन सेल की बाहेरचा डबा?

सुरू करताच 'सीमॉस चेकसम एरर' (म्हणजे साठवलेली सेटिंग बिघडली) दाखवून १९८० सालात जाणारं ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, घरात असेल, तर तारीख आणि सेटिंग जपणारा नवा सेल आणायला निघण्याआधी कॅबिनेट उघडा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ बोटाच्या पेराएवढं एक पिंप सोल्डर केलेलं असतं. आत १.२ व्होल्टचे तीन निकेल-कॅडमियम सेल, एकूण ३.६ व्होल्ट. माझ्या बोर्डावर पिंपाच्या टोकाला पांढरी भुकटी जमली होती आणि तिथून हिरवा-निळा ओघळ कीबोर्डच्या चिपच्या पायांपर्यंत पोचला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर तांब्याचा ट्रॅक कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. म्हणून कुठला सेल घ्यायचा हे ठरवायला महिना लागला तरी चालेल, पिंप मात्र आजच काढा. सेटअपमधली सेटिंग अजून टिकत असेल तर हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे आधी वहीत उतरवून घ्या.

गळलेला द्रव आम्ल नाही, अल्कली आहे: पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्यावर खाण्याचा सोडा लावून उपयोग नाही. कापसाच्या काडीनं पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या.

आता निवड. त्याच मापाचं नवं पिंप बसवणं सगळ्यात सोपं, कारण भोकं तीच आणि मशीन चालू असताना बोर्डच ते चार्ज करतो. हल्ली त्यात निकेल-मेटल हायड्राइड मिळतं, पण आतला द्रव तसाच अल्कलीचा, आणि तो पुन्हा बोर्डाच्या छातीवरच. मी हे कुणालाही सुचवणार नाही.

सीआर २०३२ बटन सेल ३ व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो आणि सहसा गळत नाही. पण पिंपाच्या भोकांत तो थेट जोडाल तर बोर्ड त्यालाही चार्ज करेल, आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. फुगतो, फुटूही शकतो. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवाच, त्याच्यावरचा पट्टा बोर्डाच्या प्लसकडे. साधा १एन४१४८ चालतो, पण तो थोडा व्होल्टेज खातो आणि ३ व्होल्टमध्ये तेवढी ऐपत नाही. शॉटकी डायोड घ्या, कमी खातो. तरीही काही बोर्डांचं घड्याळ एवढ्यावर अडखळतं. चार्ज होणारा एलआयआर २०३२ हा यावरचा उपाय वाटेल, पण लिथियम-आयनला ४.२ व्होल्टला थांबावं लागतं आणि या बोर्डाला थांबणं माहीत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो. अनेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते आणि शेजारी एक जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी. पेन्सिल सेलचा तीन घरांचा डबा वायरीनं तिथे जोडायचा आणि जम्पर 'बाहेरची' कडे न्यायचा. बहुधा पहिली पिन प्लस आणि चौथी मायनस, तरी मॅन्युअल किंवा मल्टिमीटरनं खात्री करा. तिथेही चार्जिंग येतं का अशी शंका असेल तर डायोड टाका, ४.५ व्होल्टमधून अर्धा गेला तरी ४ उरतात. पेन्सिल सेलही गळतातच, पण गळले तर दहा-वीस रुपयांचा डबा जाईल, बोर्ड नाही.

सेलऐवजी थोडी वीज साठवणारा सुपरकॅपॅसिटर रोज चालणाऱ्या मशीनलाच ठीक. बरेच दिवस बंद ठेवलंत तर तो रिकामा होतो. आणि पिंपाऐवजी बोर्डावर डॅलस कंपनीचा काळा ठोकळा (घड्याळाची चिप) असेल, तर सेल त्याच्या पोटातच आहे. सॉकेटवर असेल तर अख्खी चिप बदला.

माझ्या ४८६ मध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड आहे, डॉसवर देवनागरी दाखवणारं. त्याला आयएसए स्लॉट (कार्ड खोचायची जुन्या पद्धतीची खाच) लागतो, म्हणजे हा बोर्ड गेला की तेही गेलं. म्हणून डबाच लावला, कॅबिनेटच्या तळाशी, बोर्डापासून वीतभर लांब, आणि झाकणावर सेल घातल्याची तारीख लिहून ठेवली.