घरी येऊन लिपिड प्रोफाइल: टेस्ट मस्त, सल्ला मात्र अर्धवट

आई-बाबांसाठी घरी येऊन ब्लड टेस्ट करणाऱ्या एका सर्विसचं लिपिड पॅकेज (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी तपासणारं) घेतलं. सॅम्पल घ्यायला आलेला मुलगा एकदम तरबेज, आईची शीर पटकन सापडत नाही पण त्याने एकाच टोचणीत काम केलं, ट्यूबवर नाव-वय आमच्यासमोरच लिहिलं, रिपोर्टही त्याच दिवशी मोबाईलवर. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

पुढे मात्र घोळ. आईचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 184 असं वाढलेलं आलं आणि पॅकेजमधल्या फ्री डाएट कॉलवर मॅडमनी सुरुवातच केली, तेलकट बंद करा. अहो, ती आधीच मोजूनमापून खाते! थायरॉइड आहे का, शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला कमी वयात अटॅक आलाय का, यातलं एकही विचारलं नाही.

मग आमच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात लिव्हरचा वाटा मोठा, आणि रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं काम लिव्हरवरचे रिसेप्टर करतात, ते कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहतं. सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यातली चरबी) जास्त खाल्लं की हे रिसेप्टर कमी पडतात हे खरंच आहे, पण थायरॉइड मंदावलं तरी तेच होतं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं तेव्हाही एलडीएल चढतं, किडनीतून प्रोटीन जायला लागलं, स्टेरॉइड चालू असलं तरी चढतं. आणि काही घरांत एलडीएल जन्मापासूनच वाढलेलं असतं, फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, साधारण 250 माणसांत एकाला, माणूस कितीही बारीक असो. मोठ्या माणसाचं एलडीएल 190 किंवा वर गेलं तर डॉक्टर ही शंका घेतातच. आईला त्यांनी आधी टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट करायला लावली आणि ते चांगलंच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. तिचा थकवा, कोरडी पडलेली त्वचा, सगळ्याचा उलगडा झाला.

अजून एक, आणि ही तक्रार मी कंपनीला लेखीही कळवलीय. बाबांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 430 आलं तरी एलडीएलचा आकडा खुशाल छापलेला, शेजारी बारीक अक्षरात ‘कॅल्क्युलेटेड’. म्हणजे टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेला. हे 1972 पासूनचं सूत्र आहे पण ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत, तिथे एलडीएल डायरेक्ट मोजावं लागतं. रिपोर्टवर तशी एक ओळही नाही, लोक तो आकडा धरून बसणार ना!

आईची थायरॉइडची गोळी सुरू झालीय, टीएसएच लाइनवर आलं की लिपिड परत करायचंय. सॅम्पलसाठी यांनाच बोलावणार, डाएट कॉल नको म्हणून आधीच सांगेन. 5 पैकी 3 स्टार.