पंधरा फेऱ्या आणि दीड मिनिटाची जाहिरात

१ ते ३ मार्च २०२४ या तीन दिवसांत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांच्या मध्यम पल्ल्याच्या शर्यती घरबसल्या पाहता याव्यात, एवढ्याच हेतूने मी तेव्हा एका क्रीडा प्रक्षेपण सेवेची महिनाभराची वर्गणी भरली होती. सेवेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या थोड्याफार फरकाने इतर ठिकाणीही आढळतात. चित्राच्या स्वच्छतेबद्दल मात्र आधीच सांगून टाकतो, की त्याबाबत माझी काहीही तक्रार नाही. धावपटूंच्या पाठीवरची नावे मोबाइलच्या पडद्यावरही वाचता येत होती आणि मध्यरात्र उलटल्यावरही चित्र एकदाच अडकले.

इनडोअर शर्यत मैदानावरच्या शर्यतीपेक्षा वेगळ्या नजरेने पाहावी लागते. बालेवाडीच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर शर्यती पाहिलेल्या माणसाला इथला २०० मीटरचा ट्रॅक प्रथम खेळण्यासारखा वाटतो. सरळ पट्टा संपतो न संपतो तोच बाहेरच्या बाजूने उंचावलेले वळण येते, आणि त्या वळणावर पुढच्या धावपटूला बाहेरून गाठायचे म्हणजे जास्तीचे अंतर कापणे आले. आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्या मुलीला प्रत्येक फेरीत सुमारे सव्वासहा मीटर जास्त धावावे लागते. म्हणूनच कोण कोणाच्या बाहेर अडकली आहे, कोणाला आतली जागा सोडवत नाही आणि कोण सरळ पट्ट्याची वाट पाहत आहे, हे सलग पाहायला मिळाले तरच शर्यत समजते. प्रक्षेपणाने एकच पथ्य पाळायला हवे, आणि ते म्हणजे शर्यत सुरू असताना चित्राला हात लावू नये.

नेमके तेच पथ्य या सेवेने २ मार्चच्या ३००० मीटरच्या अंतिम शर्यतीत मोडले. (या शर्यतीला कोणी लांब पल्ल्याची म्हणतात, मी तिला मध्यम पल्ल्यातच धरतो, कारण तिच्यात १५०० मीटरच्या धावपटू हमखास उतरतात.) अमेरिकेची एल सेंट पियर ८ मिनिटे २०.८७ सेकंदांत जिंकली, म्हणजे १५ फेऱ्यांतील प्रत्येक फेरीला सरासरी ३३.४ सेकंद लागले. या हिशेबाने दीड मिनिटाची जाहिरात जवळजवळ पावणेतीन फेऱ्या गिळते. थेट प्रक्षेपणात शर्यतीच्या मधल्या टप्प्यावर अशीच एक जाहिरात आली. एका घर रंगवण्याच्या कंपनीची ती होती आणि तिच्यातील कुटुंब फार आनंदात होते. आम्ही परतलो तोवर मगाशी एकत्र धावणारा घोळका पार विसकटलेला होता. तो कोणी फोडला आणि त्या वेगाला कोण बळी पडले, हे मला दुसऱ्या दिवशी मुद्रित चित्रफीत पाहून समजून घ्यावे लागले.

ती चित्रफीत मात्र पैसे वसूल करणारी ठरली. तिच्यात जाहिराती नव्हत्या आणि दहा-दहा सेकंद मागे-पुढे जाण्याची सोय होती, त्यामुळे हातात स्टॉपवॉच घेऊन मी संपूर्ण शर्यत दोनदा पाहिली. इथिओपियाची गुदाफ त्सेगाय, जिच्या नावावर तेव्हा ५००० मीटरचा १४ मिनिटे ००.२१ सेकंदांचा जागतिक विक्रम होता, ती पुढे राहून वेग ओढत होती. सेंट पियर मात्र तिच्या मागे चिकटून, एकही पाऊल वाया न घालवता धावत राहिली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तिने त्सेगायला मागे टाकले. दोघींत अंतर राहिले अवघे ०.२६ सेकंदांचे. केनियाची बिआत्रिस चेबेट ८ मिनिटे २४.०५ सेकंदांत तिसरी आली. हीच चेबेट पुढे त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०००० मीटरची दुहेरी विजेती ठरली.

या शर्यतीचे मोल समालोचकाने नीट उलगडले, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. स्पर्धेचा आधीचा विक्रम नेदरलँड्सच्या एली व्हान हुल्स्टने १९८९ साली बुडापेस्टला ८ मिनिटे ३३.८२ सेकंद अशी वेळ देऊन केला होता. तब्बल ३५ वर्षे टिकलेला तो विक्रम या रात्री पदक मिळवणाऱ्या तिघींनीही मोडला, तोही जवळपास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक फरकाने. सेंट पियर जेमतेम वर्षभरापूर्वी आई झाली होती आणि व्हरमाँटमध्ये दुधाचा व्यवसाय असलेल्या शेतकरी कुटुंबात ती वाढली, हेही त्याने सांगितले. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबरला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गोठ्याचे आणि धावण्याचे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

३ मार्चच्या शर्यतींत सेवेची दुसरी उणीव उघडी पडली. ८०० मीटरची अंतिम शर्यत इथिओपियाच्या त्सिगे दुगुमाने २ मिनिटे ०१.९० सेकंदांत जिंकली आणि स्कॉटलंडचीच जेमा रीकी २ मिनिटे ०२.७२ सेकंदांसह दुसरी आली. या वेळा मंद आहेत. मंद शर्यतीत प्रत्येक २०० मीटरला किती सेकंद लागले यातच सारे नाट्य असते, पण पडद्यावर फक्त धावते घड्याळ होते, फेरीनिहाय वेळ कुठेच नव्हती. प्रेक्षागृहातील गलका मात्र उत्तम ऐकू आला. रीकी वळणावर आली की तो कसा चढतो हे डोळे मिटूनही कळत होते. इथिओपियाच्याच फ्रेवेनी हैलूने ४ मिनिटे ०१.४६ सेकंदांत जिंकलेली १५०० मीटरची शर्यत मात्र विनाव्यत्यय दाखवली गेली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्याजोगी कसलीच तक्रार माझ्यापाशी नाही.

ज्यांना रात्री जागायचे नाही आणि सकाळी चहाबरोबर पूर्ण शर्यत पाहायची आहे, त्यांनी ही वर्गणी अवश्य भरावी. थेट पाहण्याचा आग्रह असणाऱ्यांनी ती घेताना शर्यतीच्या मधोमध जाहिराती येतात का, हे आधी एखाद्या मोफत दिवशी पडताळून घ्यावे. आणखी एक खबरदारी सकाळी पाहणाऱ्यांसाठी आहे. चित्रफितींच्या यादीत प्रत्येक शर्यतीच्या शीर्षकाशेजारी विजेतीचे, खांद्यावर राष्ट्रध्वज घेतलेले छायाचित्र लावलेले असते. मी हल्ली यादी उघडताना पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवतो आणि बोटांच्या फटीतून फक्त अंतर वाचतो.