क्रूझच्या फॉर्मल नाइटला पैठणी की गाऊन?

जळगावहून आम्ही चौघं निघतोय, सात रात्रींची क्रूझ, त्यात दोन फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री. धुळ्याची नणंद रोज फोन करते, वहिनी गाऊनच घ्या, तिकडे साडीत कोण येतं! पण तसं अजिबात नाहीये, क्युनार्डसारख्या जुन्या क्रूझ कंपनीच्या गाला इव्हिनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल नाइटलासुद्धा, राष्ट्रीय पोशाख चालतो, म्हणजे पैठणी एकदम नियमात बसते.

गाऊनचं बरं काय तर घातला, चेन लावली, झालं. बॅगेत वजन कमी. पण नंतर तो जळगावात घालणार कुठे, लग्नात की हळदीला? आणि लांबी हील्सच्या मापाने शिवलेली असते, जहाज हलायला लागलं की हील्स काढाव्या लागतात आणि मग घेर पायात येतो.

पैठणीचा खरा प्रश्न इस्त्रीचा. बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री न्यायला बंदी आहे, आगीच्या भीतीने, म्हणून मी माझी येवल्याची जांभळी पैठणी मलमलच्या जुन्या ओढणीत गुंडाळून रोल करून ठेवलीये, घडीच घातली नाही, पदरावरचे मोर आतल्या बाजूला. निऱ्या घरीच एकदा घालून पिना कुठे लागतात ते बघून ठेवलंय. अत्तर मात्र जरीवर मारू नका हं, काळी पडते.

माझं मत पैठणीलाच, निदान पहिल्या रात्री तरी. दुसऱ्या रात्रीला नणंदेचा काळा गाऊन उसना घेतेय, खाली सपाट चपलाच घालणार, म्हणून खालून दोन बोटं दुमडून टीप मारून घेतलीये.