गीझरला टाइमर लावण्याआधी: एकच दर की स्वस्त तास?

टाइमर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी टाइमर पसंत करतो, मग तो कुठे बसवायचा ते बघतो, आणि आपल्या बिलात दिवसरात्र एकच दर आहे की तासांप्रमाणे वेगवेगळा, हे सगळ्यात शेवटी तपासतो. क्रम नेमका याच्या उलट हवा: आधी दर, मग टाकी, मग टाइमर. त्यामुळे ही तुलनाही मी त्याच क्रमाने केली आहे.

एक आकडा सुरुवातीलाच लक्षात ठेवा. १ युनिट विजेत ८६० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापतं. म्हणजे १०० लिटरची टाकी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.६५ युनिट लागतात, आणि २ किलोवॉटची कॉइल असेल तर त्याला साधारण दोन तास वीस मिनिटं जातात. मध्यरात्री तापवा नाहीतर भर दुपारी, पाण्यात उष्णता तेवढीच घालावी लागते. टाइमरने फरक पडतो तो दोनच गोष्टींत: टाकी किती वेळ गरम राहून उष्णता गमावते, आणि ते युनिट कोणत्या दराने मोजलं जातं.

दर एकच असेल तर

इथे दोन पर्याय आहेत. गीझर थर्मोस्टॅटच्या (ठरलेल्या तापमानाला आपोआप वीज तोडणाऱ्या भागाच्या) भरवशावर कायम चालू ठेवायचा, किंवा टाइमर लावून ठरावीक वेळीच तापवायचा.

‘गार पाणी पुन्हा तापवण्यापेक्षा गरम ठेवलेलं स्वस्त पडतं’ असं खूप जण खात्रीने सांगतात. एकच दर असताना हे खरं नाही. टाकी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता वेगाने निसटते. टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ ही गळती चालूच. त्यामुळे गरजेपुरतं तापवणं कधीच महाग पडत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: त्यातून वाचतं किती?

चांगलं आवरण असलेली १०० लिटरची टाकी चोवीस तास गरम राहिली, तर साधारण १ युनिट असंच निसटून जातं. आता समजा, रात्री कोणी पाणी वापरत नाही म्हणून तुम्ही बारा तास गीझर बंद ठेवलात. टाकीतलं पाणी जेमतेम चार अंशांनी उतरेल. म्हणजे बंद असतानाही ती जवळपास तितकीच गरम होती आणि तितकीच उष्णता गमावत होती. सकाळी ते चार अंश परत भरावेच लागतात. हाती जवळपास काहीच लागत नाही.

उलट, सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, टाकीत गार पाणी भरलं, आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गारच राहू दिली, तर गळतीला वावच उरत नाही. एकाच दरात टाइमरची कमाई इथे होते. वापर दिवसातून एकदा आणि टाकी जवळपास रिकामी करणारा असेल, तर टाइमर लावा. घरात दिवसभर थोडंथोडं गरम पाणी लागत असेल, तर टाइमरपेक्षा टाकीच्या आवरणावर आणि गरम पाण्याच्या नळीवरच्या फोमवर खर्च करा.

तुमची टाकी कशी आहे हे घरच्या घरी कळतं. रात्री टाकी पूर्ण तापू द्या, थर्मोस्टॅटने वीज तोडली की गीझर बंद करा आणि पाणी वापरू नका. सकाळी घरातली बाकीची उपकरणं बंद करून मीटरचा आकडा लिहून घ्या, गीझर चालू करा, आणि थर्मोस्टॅटने पुन्हा वीज तोडली की आकडा परत बघा. जो फरक येईल ती रात्रभराची गळती. अर्ध्या युनिटच्या आसपास आली तर टाकी ठीक आहे. दीड-दोन युनिट आली, तर बाजारातला कुठलाही टाइमर आवरणाचं काम करू शकणार नाही.

दर तासांप्रमाणे बदलत असेल तर

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. रात्री बहुतेक लोक झोपलेले असतात, पण मोठी औष्णिक आणि अणुवीज केंद्रं चटकन कमी-जास्त करता येत नाहीत. म्हणून पूर्वापार स्वस्त तास रात्रीचे. ब्रिटनमध्ये १९७८ साली आलेल्या ‘इकॉनॉमी ७’ या दरयोजनेच्या नावातला सातचा आकडा रात्रीच्या त्या सात तासांचाच. जिथे सौरऊर्जा भरपूर झाली आहे, तिथे आता दुपारही स्वस्त होऊ लागली आहे. म्हणून ‘स्वस्त म्हणजे रात्र’ असं धरून चालू नका. दरपत्रकात छापलेले तास बघा.

या दरयोजनेत एक अडचण असते, आणि ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. स्वस्त तासांच्या बदल्यात बाकीच्या तासांचा दर बहुधा एकाच दरापेक्षा चढा असतो. तेव्हा ही योजना परवडायला एकूण वापरातला किती हिस्सा स्वस्त तासांत गेला पाहिजे, हे आधी काढा. हिशोब सोपा आहे. बाकीचे तास एकाच दरापेक्षा जितके टक्के महाग, त्या आकड्याला दोन्ही फरकांच्या बेरजेने भागायचं. समजा स्वस्त तास ४० टक्क्यांनी स्वस्त आणि बाकीचे १५ टक्क्यांनी महाग आहेत. १५ भागिले ५५, म्हणजे सुमारे २७ टक्के. एवढा वापर स्वस्त तासांत नेला की बरोबरी, त्यापुढे फायदा. पण स्वस्त तास फक्त २० टक्क्यांनी स्वस्त आणि बाकीचे २० टक्क्यांनी महाग असतील, तर निम्मा वापर हलवावा लागतो.

चोवीस तास चालणारा फ्रिज सात तासांच्या खिडकीत, म्हणजे स्वस्त तासांच्या सलग पट्ट्यात, आपोआप २९ टक्के वीज खातो, तेव्हा २७ टक्क्यांची अट फारशी अवघड नाही. निम्म्याची अट मात्र अवघड आहे. ज्या घरात पाणी किंवा खोल्या विजेवर तापतात, किंवा विजेची गाडी चार्ज होते, तिथेच ती पुरी होते. ज्यांचं पाणी गॅसवर तापतं आणि जे दिवसभर घरी असतात, त्यांनी दोन दरांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

तासांप्रमाणे दर असला की टाइमरचं काम बदलतं. आता गळती थोडी वाढली तरी चालते, कारण निसटलेलं युनिट स्वस्तातलं असतं. तरीही खिडकी रात्री अकराला उघडते म्हणून अकरालाच गीझर सुरू करू नका. खिडकी सहाला बंद होत असेल आणि टाकीला दोन तास वीस मिनिटं लागत असतील, तर सव्वातीनच्या सुमारास सुरू करा. पाणी वापराच्या वेळेच्या जवळ तापतं आणि मधले चार तास गळती वाचते.

पाणी पुरत नसेल म्हणून थर्मोस्टॅट वर नेण्याआधी, किंवा बचतीसाठी तो खूप खाली आणण्याआधी हे लक्षात घ्या. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे जीवाणू वाढतात. साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत नेणं म्हणूनच गरजेचं आहे. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर नळाआधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

खोली तापवायची असेल तर

पॅनेल हीटर, तेलाचा हीटर, पंख्याचा हीटर यांपैकी कोणताही घ्या, १ युनिट विजेची १ युनिट उष्णताच होते. वेष्टनावर ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं लिहिलेलं असलं तरी यात फरक पडत नाही. फरक असतो तो ऊब किती लवकर मिळते आणि किती वेळ टिकते यात.

स्टोरेज हीटरचा प्रकार वेगळा. आत जड विटा असतात, त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. त्याला दोन बटणं असतात. एक ठरवतं की आज रात्री किती उष्णता भरायची, दुसरं ठरवतं की ती किती वेगाने बाहेर सोडायची. दुसरं बटण रात्री उघडं राहिलं, तर दुपारपर्यंत विटा गार होतात, संध्याकाळी घर गारठतं आणि मग महाग तासात साधा हीटर लावावा लागतो. रात्री झोपताना ते पूर्ण बंद करायची सवय लागली, तर स्टोरेज हीटर दिवसभर घरी असणाऱ्यांना खूप उपयोगी आहे. जे फक्त संध्याकाळी सहानंतर घरी येतात, त्यांनी पॅनेल हीटर आणि नेमका टाइमरच घ्यावा. रिकाम्या घराला दिवसभर ऊब देण्यात स्वस्त दरही वाया जातो.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं यंत्र) बसवणं शक्य असेल, तर हिशोबच पालटतो. १ युनिट विजेवर तो अनुकूल हवामानात सुमारे ३ युनिट उष्णता देतो. स्वस्त तासांचा दर निम्मा असला, तरी महाग तासात चालणारा हीट पंप निम्म्या दरातल्या साध्या हीटरपेक्षा स्वस्त पडतो. मात्र त्याला टाइमरने सतत बंद-चालू करू नका. कमी तापमानावर संथपणे चालत राहणं त्याला मानवतं.

आता टाइमर

यांत्रिक टाइमर स्वस्त आणि समजायला सोपा. गोल तबकडीच्या कडेला ९६ बारीक दाते असतात, प्रत्येक दाता पंधरा मिनिटांचा. चालू ठेवायच्या वेळचे दाते खाली दाबायचे, एवढंच. पण वीज गेली की तबकडी थांबते. माझ्याकडे एकदा रात्री अडीच तास वीज नव्हती. त्यानंतर तो टाइमर अडीच तास मागे चालत राहिला, आणि पहाटे तापणारं पाणी रोज महाग तासात तापू लागलं. पाणी रोज गरमच मिळत होतं, म्हणून घरात कोणाला शंका आली नाही. बिल आल्यावर कळलं. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टाइमरच घ्या.

वायफायचा स्मार्ट प्लग वेळ इंटरनेटवरून घेतो आणि किती युनिट गेले तेही दाखवतो. तासांच्या दरासाठी ही माहिती फार मोलाची आहे. मात्र इंटरनेट नसतानाही ठरवलेल्या वेळा प्लगच्या आतच जपल्या जातात का, हे घेण्याआधी विचारा.

पण या सगळ्याच्या आधी ॲम्पिअर बघा. २३० व्होल्टवर २ किलोवॉटचा गीझर ८.७ ॲम्पिअर ओढतो, ३ किलोवॉटचा १३. टाइमरवर १० ॲम्पिअर लिहिलं असेल तर तो ३ किलोवॉटला लावायचाच नाही. काही टाइमरांवर १६(२) असं छापलेलं असतं. त्यातले १६ कॉइलसारख्या भारासाठी आणि कंसातले २ मोटरसाठी. सलग दोन-तीन तास पूर्ण भार चालणार असेल, तर प्लगमधल्या टाइमरऐवजी वीजपेटीत बसणारा टाइमर आणि त्याच्यासोबत कॉन्टॅक्टर (टाइमरच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) हाच माझ्या मते योग्य पर्याय. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. प्लगमधला टाइमर वापरलात, तर पहिल्या आठवड्यात तापवणं संपताच प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल किंवा प्लास्टिक पिवळसर होत असेल तर ताबडतोब काढा. आणि पंख्याचा किंवा लाल तारेचा सुटा हीटर कधीच टाइमरवर लावू नका. खोलीत कोणी नसताना तो सुरू झाला आणि समोर पडदा किंवा वाळत घातलेलं कापड असेल, तर आग लागायला वेळ लागत नाही.

वेळ लावताना खिडकीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिनिटं सोडा. मीटरचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ जुळेलच असं नाही, आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेतात तिथे काही मीटर जुन्याच वेळेवर चालत राहतात. खात्री करायला एकच रात्र पुरते. स्वस्त तास सुरू झाल्यावर, गीझर चालू असताना मीटरसमोर उभे राहा आणि रात्रीच्या व दिवसाच्या दराचे जे दोन आकडे असतात, त्यांपैकी कोणता सरकतोय ते बघा. सकाळी खिडकी बंद झाल्यावर पुन्हा एकदा बघा. रात्रीही दिवसाचाच आकडा सरकत असेल, तर टाइमर बदलून उपयोग नाही; वीज पुरवठादाराला मीटर तपासायला सांगा.