२००८ च्या स्विफ्टचं सस्पेन्शन २० हजारांत: १० महिने आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, तेच जुनं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, काम सुरू केलं तेव्हा मीटरवर १ लाख ३८ हजार. २०२३ ला १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरसी रिन्यू करून पुढची ५ वर्षं घेतली, इंजिन अजून एकदम ठणठणीत आहे आणि वडिलांनी घेतलेली गाडी आहे त्यामुळं विकायचा विषयच नव्हता. प्रॉब्लेम एकच, गाडी रस्त्यावर बसत नव्हती. आमचं गाव गगनबावड्याकडं, महिन्यातनं चार-पाच वेळा कोल्हापूरहून जाणं-येणं, आणि गळीत हंगामात त्या रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की बाजूची पट्टी खचून लाटा तयार होतात. त्या लाटांवर ६०-६५ ला गाडी होडीसारखी डुलायची, वळणात एकदा झुकायची, परत सावरायची, परत झुकायची. आई मागं बसली की वरचं हँडल घट्ट धरून बसायची, कळे सोडलं की गावापर्यंत हात खाली नाही.

सगळ्यात आधी जे केलं ते चुकलं, तेच पहिलं सांगतो कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये बसवायचे ते रबराचे बफर मिळतात बघा, दिवाळीच्या आधी मागच्या दोन्ही स्प्रिंगमध्ये एकेक घातला. पहिले दोन दिवस लई भारी वाटलं, पाच माणसं बसली तरी मागचा भाग खाली बसेना, स्पीडब्रेकरला पोट घासायचं बंद झालं. पण त्यात होतं काय, तर बफरनं ती दोन वेटोळी एकमेकांना धरून ठेवली की स्प्रिंगची काम करणारी वेटोळी कमी होतात आणि वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग दाबून सुटली की जोरात उसळते, ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं (शॉक अ‍ॅबसॉर्बरचं), आणि माझे शॉकअप तर आधीच मेलेले. म्हणजे ज्याच्यात दम नाही त्याच्या अंगावर मी अजून ओझं टाकलं. एकट्यानं गाडी चालवताना तर मागची चाकं खड्ड्यावरनं उड्या मारायला लागली, पाऊस नसतानाही वळणात मागचा भाग थोडा बाहेर सरकल्यासारखा व्हायचा. तीन महिन्यांनी काढले. काढताना एका बाजूचा बफर सरकून तिरका झालेला आणि स्प्रिंगच्या त्या जागेचा रंग घासून खाली गंज आलेला. माझ्या मते जुन्या गाडीला हे घालूच नका, निदान शॉकअप बदलल्याशिवाय तर अजिबात नको.

एका मित्रानं स्प्रिंगचं एक वेटोळं कापायचा सल्ला दिला होता, गाडी खाली येईल आणि वळणात झुकणार नाही म्हणून. ते मी ऐकलं नाही. कापलेलं टोक स्ट्रटच्या (पुढच्या चाकाचा स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला दांडा) वाटीत नीट बसत नाही, चाकाला वर यायला जागा कमी उरते आणि एका मोठ्या खड्ड्यात ते खालपर्यंत आदळतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाल्यापुढं काय सांगणार? त्यामुळं मी ठरवलं की गाडीची उंची आणि मूळ रचना जशीच्या तशी ठेवायची आणि त्या चौकटीतच काय सुधारता येतं ते बघायचं.

मग फेब्रुवारीत रीतसर जॅकवर घेऊन एकेक भाग तपासला. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी टॉमी (लोखंडी पहार) लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये (सांध्यातल्या रबरात) घालून हलवली आणि मला म्हणाले, "हात लावून बघा." रबर आतल्या नळीपासनं अर्धं सुटलेलं, आर्म बोटभर पुढं-मागं होत होता. ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं ते याच्यामुळं, आणि मी दोन वर्षं टायरला दोष देत होतो. लिंक रॉडचे, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारा आडवा स्टॅबिलायझर बार चाकाच्या बाजूला जोडतात त्या छोट्या दांड्यांचे, बॉल सैल, खड्ड्यावरनं जाताना खट-खट यायचा तो आवाज यांचा. स्ट्रट खोलला तेव्हा बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दाबला गेला की आदळू नये म्हणून असतो तो मऊ ठोकळा) हातात आलाच नाही, त्याचा पिवळा भुगा डस्ट कव्हरमध्ये साठलेला. रॉड हातानं दाबला तो दाबला गेला आणि तसाच खाली राहिला, वर यायचं नावच नाही. नवीन गॅसचा स्ट्रट शेजारी ठेवला होता, तो दाबायला अंगाचं वजन टाकावं लागलं आणि सोडल्यावर आपला आपण सावकाश वर आला. हे शेजारी-शेजारी बघितल्यावर मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या वर्षभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

खर्च सांगतो, सगळं बिलावरचं. लोअर आर्मची जोडी ३,४००, लिंक रॉड ९००, पुढचे गॅसचे स्ट्रट जोडी ५,२००, वरची माउंटिंग आणि बेअरिंग १,६००, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर ७००, मागचे शॉकअप २,८००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट तीन वेळा मिळून १,२००. स्प्रिंग जुन्याच ठेवल्या. माउंटिंगमध्ये पैसे वाचवू नका, स्ट्रट खोललाच आहे तर ते तेव्हाच बदला, नाहीतर सहा महिन्यांनी परत तीच मजुरी. आणि स्ट्रट खोलायचं काम घरी करू नका, स्प्रिंग दाबलेली असते, कॉम्प्रेसर सटकला तर जीवावरचं काम आहे. स्ट्रट काढून बसवला की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतोच, त्यामुळं अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यायचं, एक दिवस चालवून मग करू असं नाही.

आता फरक. माझा समज होता की नवीन शॉकअप घातले की गाडी वळणात झुकायची कमी होईल. तसं होत नाही, आणि हे विकत घ्यायच्या आधी कळलेलं बरं. लांब वळणात गाडी किती झुकणार हे स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार ठरवतात, शॉकअप फक्त ते किती वेगानं आणि किती वेळा होणार ते ठरवतो. माझी गाडी आजही जवळपास तेवढीच झुकते, पण एकदाच झुकते आणि तिथं थांबते. तेवढ्यानं सगळा विश्वास परत आला. असळजच्या पुढं वळणं सुरू होतात तिथं आधी एकेका वळणात स्टिअरिंग तीन-तीनदा दुरुस्त करायला लागायचं, आता एकदा वळवलं की गाडी तीच रेघ धरून जाते. त्यातलं निम्मं श्रेय माझ्या मते शॉकअपचं नाही, लोअर आर्मच्या बुशचं आहे, स्टिअरिंग वळवल्यावर चाकानं लगेच ऐकणं हे तिथनंच येतं.

एप्रिलमध्ये स्टॅबिलायझरचे डी-बुश (बार गाडीला धरून ठेवणारे डी आकाराचे बुश) केले, आणि हे आमच्या कोल्हापुरात राहतो म्हणून जमलं. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडं पॉलियुरेथेनचा (पीयू, रबरापेक्षा कमी दबणारं मटेरियल) तुकडा पडला होता, त्याला जुने रबरी बुश आणि क्लॅम्प नेऊन दिला. त्यांनी व्हर्नियरनं बार मोजला, छिद्र अर्धा मिलिमीटर कमी ठेवलं, म्हणजे क्लॅम्प आवळला की बार घट्ट धरेल. पीयू लेथवर करणं सोपं नाही, मटेरियल टूलपासनं दबून मागं जातं आणि माप चुकतं, पहिला तुकडा वाया गेला, दुसऱ्याला टूलला एकदम धार लावून बारीक-बारीक कट घेतले. मटेरियल आणि काम धरून ४५० रुपये. रबरी बुश आधी दाबला जातो आणि मग बार काम करायला लागतो, पीयूमध्ये ते दबणं कमी, त्यामुळं वळणात शिरतानाच बार पकडतो. झुकणं थोडं कमी झालंय ते याच्यामुळं. मोठा फरक नाही, पण आहे.

पण जूनमध्ये पाऊस लागला आणि हेच बुश ओरडायला लागले. गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते तिकडं राहणाऱ्याला विचारा, आठवड्यात सगळं ग्रीस धुवून गेलं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला जुन्या दरवाज्यासारखं कुईं-कुईं. दोनदा साधं ग्रीस लावलं, दोन्ही वेळा दहा दिवसांत परत आवाज. शेवटी बारवर बुशच्या जागी गंज पॉलिश पेपरनं घासून काढला, प्लंबर वापरतात ती टेफलॉन टेप सात-आठ वेढे गुंडाळली, वरनं सिलिकॉन ग्रीस लावून क्लॅम्प आवळले. जुलैपासनं आजपर्यंत आवाज नाही. टेप किती टिकते ते पुढच्या पावसाळ्यात परत खोलून बघणार आहे.

त्याच जूनमध्ये अजून एक गोष्ट झाली आणि तिचा मला खरंच राग आला. ब्रेक मारताना परत तेच ओढणं. खाली जाऊन बघितलं तर डावीकडच्या नवीन लोअर आर्मचा बुश फाटलेला, चार महिन्यांत! पार्ट डुप्लिकेट निघाला असं वाटून दुकानात भांडायला निघालो होतो. मग मिस्त्रींनी विचारलं की बोल्ट कुठं आवळले. आर्म ज्या गॅरेजमध्ये बसवून घेतले तिथं गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लटकलेली आणि तसेच बोल्ट फायनल टाइट केलेले, मी स्वतः तिथं उभा होतो. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, फक्त पिळतं. आर्म लटकलेला असताना बोल्ट आवळला की तीच त्याची मधली जागा होते, मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं, उभ्या गाडीतसुद्धा. वरनं खड्डे. ते फाटणारच. गॅरेजवाल्यांना हे सांगितलं तर म्हणाले आम्ही सगळ्या गाड्यांना असंच करतो.

मग नवीन बुश ६०० ला आणले, प्रेसवर बसवून घ्यायचे २००, आणि फिटिंग मी आणि मित्रानं घरीच केलं. आर्म बसवून बोल्ट हातानं लागतील तेवढेच लावले, मग चारही चाकांखाली लाकडी जाड ओंडके ठेवून गाडी त्यावर उतरवली, म्हणजे पूर्ण वजन चाकांवर आणि खाली शिरायला वीतभर जागा. हँडब्रेक, गिअर, बाजूनं दगड सगळं लावलं. दोन-तीनदा बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबली, सस्पेन्शन आपल्या जागेवर आलं, आणि मग खाली शिरून पान्हा लावला. पाच मिनिटांचं काम आहे हो. त्याला आता सहा महिने होत आले, परवाच टॉर्च मारून बघितलं, एक चीरसुद्धा नाही. तुम्ही हे काम कुठंही करून घ्या, पण बोल्ट आवळताना गाडीचं वजन चाकांवर आहे का तेवढं उभं राहून बघा.

टायर मे महिन्यात बदलले कारण जुने गुळगुळीत झाले होते, तो खर्च मी या २० हजारांत धरलेला नाही. माझ्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतात, मी वरच्या झेडएक्सआयचा १८५/७० आर १४ साइझ घेतला, त्याच स्टीलच्या डिस्कवर (रिमवर) बसले. बाहेरचा व्यास जेमतेम ५ मिलिमीटरनं कमी होतो, म्हणजे एक टक्क्याच्या आत, मीटरवर फरक कळत नाही. ओल्या रस्त्यावर पकड चांगली वाढली. बदल्यात पार्किंगला स्टिअरिंग थोडं जड लागतं आणि माझं अ‍ॅव्हरेज साडेपंधरावरनं पावणेपंधरावर आलंय, ते मला मान्य आहे.

जे आवडलं नाही तेही सांगतो. शहरात ३० च्या स्पीडला छोटे खड्डे आधीपेक्षा जास्त लागतात. गॅसचे शॉकअप आणि पीयू बुश मिळून गाडी थोडी कडक झालीय, ज्यांचं सगळं फिरणं शहरातच आहे त्यांनी डी-बुश रबरीच ठेवावेत असं मला वाटतं. आणि मागचा एक बारीक धप्प असा आवाज अजून गेलेला नाही. शॉकअप नाही, स्प्रिंग नाही, मिस्त्रींचं म्हणणं मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमचे बुश. मागं बीमवर गज वेल्ड करून ती अजून कडक करतात तेही मला एकानं सुचवलं, पण त्या बीमवर दोन्ही चाकं आहेत आणि ती पिळायसाठीच बनवलेली आहे, तिथं वेल्डिंगची उष्णता मी देणार नाही. फक्त बुश बदलणार.

सगळं मिळून २०,५५० झाले, त्यात पहिल्यांदा चुकीच्या आवळण्याचे ८०० आहेत. मीटर आता १ लाख ४९ हजारावर आहे. मागच्या आठवड्यात आईला घेऊन गावाला गेलो, कळे गेलं, असळज गेलं, वळणं सुरू झाली आणि आरशात बघितलं तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, दोन्ही हात मांडीवर.